बर्फावरची धार आणि कासमभाईंचं व्याज

१९९६ सालचा जून महिना होता. मस्कतात उन्हाळा भरात होता. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा, आणि मी आत स्वेटर घालून कामाला बसायचो. बर्फाच्या रिंकवर स्केटच्या बुटांना धार लावणं हे माझं काम. स्वेटर मी गावाहून मागवला. बायकोने उलट निरोप पाठवला, ताप आलाय का?

ग्राइंडरच्या चाकाखाली लोखंडाचा काळा भुसा साचतो. संध्याकाळी झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच असतो. रिंकवरचे किस्से तसेच साचले. मी ते कुणाला सांगत बसलो नाही. आता गावात पारावर चार जण विचारतात, तात्या, वाळवंटात बर्फ कुठला? म्हणून सांगतो. ज्याला खोटं वाटेल त्याने उठून जावं.

मी तिथे कसा गेलो ते आधी सांगतो. मस्कतातच वादी कबीर नावाच्या वस्तीत एका वर्कशॉपात मी ग्राइंडर होतो. फोरमनने एकदा माझ्या कामावर बोट ठेवलं. काम बरोबर होतं. मी एप्रन काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की माझा व्हिसाही त्याच टेबलावर राहिला. आता गावी परत जाणं आलं. गावात घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. त्या भिंतींकडे बघत लोक विचारणार, सीताराम का परत आला?

एका कॅफेटेरियात चहा घेऊन बसलो होतो. समोर एक मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ. माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "दाभोळच्या खाडीच्या अलीकडचा की पलीकडचा?" ते स्वतः दापोलीच्या अंगाचे, मी गुहागरच्या. मी म्हटलं, पलीकडचा.

"पाणी एकच आहे. चल," ते म्हणाले.

हे कासमभाई. ते रिंकवर स्केटना धार लावायचे. मला तिथे घेऊन गेले आणि त्यांनी मॅनेजरसमोर उभं केलं. मॅनेजर खल्फान हे ओमानी. मत्रहच्या बाजारात आपल्या व्यापाऱ्यांत वाढलेले, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा बरी. कासमभाईंनी सांगितलं, हा माझा भाऊ आहे, दुसऱ्या मशीनवर याला घ्या.

खल्फाननी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, सीताराम. त्यांनी कासमभाईंच्या टोपीकडे बघितलं. "एकाच आईचे?"

"एकाच खाडीचे," कासमभाई म्हणाले. "याने काम बिघडवलं तर आधी मला काढा."

काम मिळालं. छप्पर झालं. पण आमच्या घरात कुणाचे उपकार ठेवून घेत नाहीत. माझ्या वडिलांनी एकदा शेजाऱ्याची काठी आणली होती, ती परत देताना तिला तेल लावून दिली. म्हणून पहिल्याच दिवशी मी कासमभाईंना म्हटलं की हे मी फेडणार.

"फेड की," ते म्हणाले. "पण कशाने फिटलं ते मी ठरवणार."

मी हो म्हटलं. पुढचं सगळं त्या एका ‘हो’मुळे झालं.

*

स्केटची धार म्हणजे कोयत्याची धार नव्हे. पात्याच्या मधोमध बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही कडांना दोन धारा. दोन्ही अगदी सारख्या हव्यात. डावी वर आली तर माणूस डावीकडे ओढला जातो, उजवी वर आली तर उजवीकडे. पातं पकडीत बसवायचं, पकड चाकाच्या बरोबर मध्यावर आणायची आणि टाचेपासून बोटापर्यंत एका हाताने, एका वेगाने न्यायचं. मध्ये थांबलात की तिथे खड्डा.

हे कासमभाईंना आधी माहीत नव्हतं. मी यायच्या आधीची गोष्ट. मशीन बसवायला एक गोरा आला होता. त्याने दोन दिवस इंग्रजीत शिकवलं. कासमभाईंना त्यातला एकच शब्द कळला, शार्प. बास. ते हर्णैच्या बंदरावर मासे कापायच्या सुऱ्या घासत मोठे झालेले. त्यांनी पहिल्या जोडीची पन्हळ-बिन्हळ घासून काढली आणि पात्याला वस्तऱ्यासारखी एकच धार लावली. त्या धारेवर त्यांनी हातावरचे केस काढून दाखवले म्हणे.

ती जोडी खल्फाननी घातली. त्या दिवशी रिंक चालू व्हायचा होता. अर्बाब, म्हणजे मालक, पाहुण्यांना घेऊन खुर्च्यांवर बसले होते. खल्फान पांढऱ्या दिशदाश्यात, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्यात, बर्फावर उतरले, हात पसरले, आणि तिथेच राहिले. पाती बर्फात रुतली. पुढे जाईनात, मागे येईनात. शेतातल्या बुजगावण्यासारखे ते हात पसरून उभे. चेहऱ्यावर हसू तसंच.

शेवटी दोघांनी त्यांना बगलेत धरून बुटांतून उपसलं. बूट बर्फात उभेच राहिले.

अर्बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळ असाच असतो.

*

फेडायचं मी मनावर घेतलं होतं. पहिल्या सुट्टीत गावी गेलो, येताना हापूसची पेटी आणली. विमानात ती वर ठेवू देईनात, म्हणून मांडीवर घेऊन बसलो. मस्कतला उतरलो तेव्हा पाय बधिर झाले होते. पेटी तशीच कासमभाईंच्या खोलीवर नेली.

त्यांनी एक आंबा हुंगला, दाबला, खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मी वाट बघत उभा.

"गोड आहे," ते म्हणाले. "व्याजात धरतो."

मी विचारलं, आणि मुद्दल?

"मुद्दल आहे तिथेच आहे. जाईल कुठे?"

पुढच्या रमजानात संध्याकाळची त्यांची सगळी बुटं मी घासली, म्हणजे त्यांना वेळेवर रोजा सोडता यावा. महिनाभर. ईदच्या दिवशी त्यांनी शीरखुर्म्याचा वाडगा आणून दिला. मला वाटलं आता तरी. ते म्हणाले, "व्याजात. आणि हा शीरखुर्मा वेगळा धरायचा. हा तुझ्यावर."

म्हणजे महिनाभर राबून मी आणखी खाली गेलो.

*

वादी कबीरमध्ये आपली बरीच कुटुंबं राहायची. मुलं शाळेत इंग्रजी बोलायची, घरी मराठी अडखळत बोलायची. सुट्टीत ती रिंकवर यायची, बरोबर आया यायच्या. एका आईने मला धार लावताना बघितलं आणि दुसऱ्या खेपेला पिशवीतून विळी आणली. मुंबईहून आणलेली, बोथट झालेली.

मी म्हटलं, हे मशीन विळीचं नाही. बाई जाणार एवढ्यात कासमभाईंनी विळी घेतली. म्हणाले, "बहीण आहे आपली. लोखंड ते लोखंड." विळीचं पातं त्यांनी पकडीत बसवलं आणि स्केटला लावतात तशी धार लावून दिली. मध्ये पन्हळ, दोन्हीकडे धार.

मी म्हटलं, ही बाई उद्या भांडायला येणार.

ती आठवड्याने आली. बरोबर आणखी तीन बायका, तिघींच्या हातात विळ्या. मी खुर्ची मागे सरकवली.

बाई म्हणाली, "काका, असा बटाटा जन्मात कापला नव्हता. एका कापात दोन चकत्या पडतात."

मी विचारलं, मग तक्रार काय?

"तक्रार काही नाही. मधली एक चकती तेवढी विळीच ठेवून घेते."

त्या वर्षी वादी कबीरच्या निम्म्या घरांत स्केट होत्या. खल्फानच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पाटी लावली की इथे फक्त बुटांना धार लावली जाईल. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरून कात्री आली.

*

इब्रीहून एक म्हातारे शेख नातवंडांना घेऊन आले होते. आत डोंगरापलीकडचं गाव ते. त्यांना बर्फात रस नव्हता. माझ्या मशीनसमोर खुर्ची ओढून ठिणग्या बघत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी अरबीत विचारलं, कासमभाईंनी मला सांगितलं, हे काय कापतं असं ते विचारतायत.

मी म्हटलं, काही नाही.

काही नाही? मग धार कशाला?

मी म्हटलं, कापत नाही म्हणून लावायची. नाहीतर माणूस पडतो.

म्हाताऱ्याने मान हलवली. म्हणाला, आमच्या घरात उलट आहे. धार कुणी लावत नाही आणि कापणं दिवसभर चालतं.

त्याच्या मागे त्याची बायको उभी होती हे त्याला ठाऊक नव्हतं. ती हळू आवाजात एकच वाक्य बोलली. त्याचा अर्थ कासमभाईंनी मला आजवर सांगितलेला नाही. पण म्हातारा उठला, बूट मागून घेतले, आणि सत्तरीच्या वयात बर्फावर उतरला.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, पहार, नांगर सगळं धुऊन ठेवतात, कामाला लावत नाहीत. रिंकवर सुट्टी कुठली? म्हणून मी सकाळी लवकर जायचो, मशीन पुसायचो, चाकाला हळदकुंकू लावायचो, एका जोडीला बोट लावायचो, नारळ ठेवायचो. पाच मिनिटांचं काम. मग कुंकू पुसून मशीन चालू.

एका वर्षी नारळ आणायला मला उशीर झाला. परत आलो तर कासमभाई बोटं धूत होते. म्हणाले, "तुझं करून टाकलं. चाकालाही लावलं."

मी म्हटलं, बरं केलंत. मशीन पुसलं आणि कामाला लागलो. मला काय ठाऊक की त्यांनी देवाचं काम कमी पडायला नको म्हणून भाड्याच्या बुटांचं अख्खं फडताळ केलं होतं. प्रत्येक पात्याला, टाचेपासून बोटापर्यंत, ओलं कुंकू. तळाला, जिथे नजर जात नाही.

दुपारी लोक उतरले. थोड्याच वेळात बर्फावर लाल रेघा उमटायला लागल्या. आधी एक, मग दहा, मग सगळीकडे. एक बाई किंचाळली. तिचं बघून दुसरी. बर्फावर शिट्टी घेऊन फिरणारा रोमेल नावाचा फिलिपिनो होता, त्याने शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना होते तिथे खाली बसवलं. खल्फान धावत आले. मुलांचे मोजे काढून पाय तपासायला सुरुवात झाली. मत्रहचा एक कापडव्यापारी, अंगाने दांडगा, त्याला स्वतःच्या बुटाखाली लाल दिसलं आणि तो आडवा झाला. त्याला कुठेही लागलं नव्हतं. ॲम्ब्युलन्स आली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी रक्त बोटावर घेतलं, हुंगलं आणि एकमेकांकडे बघितलं.

खल्फान आमच्याकडे आले. एक बूट पुढे धरला. कासमभाई शांतपणे म्हणाले, "सीतारामचा सण आहे."

खल्फाननी बूट खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सण चांगला आहे. पुढच्या वर्षी पिवळा रंग तेवढाच लावा."

ते गेल्यावर मी कासमभाईंवर चिडलो. चिडून झाल्यावर ते म्हणाले, "चारशे पाती मी एकट्याने केली. तुझ्या देवासाठी. हे कुठे धरायचं? मुद्दल वाढलं रे बाबा."

*

आम्ही दोघं वर्षानुवर्षं धार लावत होतो, पण बर्फावर दोघांपैकी कुणीच पाऊल ठेवलं नव्हतं. हलवाई आपली मिठाई खात नाही, तसं. एकदा नवीन गिऱ्हाईक कुरकुरलं तेव्हा खल्फान म्हणाले, आज तुम्ही दोघं उतरा. आपली धार आपण बघा.

मी म्हटलं, आपली आपण नको. मी कासमभाईंनी घासलेले घालतो, त्यांनी माझे घालावेत. म्हणजे खरं कळेल.

उतरलो. कठडा सोडला आणि दोघंही बसलो. आपोआप. मी म्हटलं, तुमची धार कच्ची आहे. कासमभाई म्हणाले, तुझी इतकी पक्की आहे की पाय थांबतच नाही. मग ठरलं की बदलून बघू. बर्फाच्या मधोमध बसून आम्ही बूट काढले. मोजे भिजले. बूट बदलले, नाड्या बांधल्या, एकमेकांचे खांदे धरून उठलो, आणि पुन्हा बसलो.

तेव्हा कळलं की धार दोघांचीही बरोबर होती.

बाहेर यायचं कसं? लहान मुलांना धरून चालायला प्लॅस्टिकचे पेंग्विन ठेवलेले असायचे. रोमेलने दोन आणले. कासमभाईंची पांढरी टोपी, लाल दाढी, पुढे पेंग्विन. वादी कबीरची पोरं रांगेत उभी राहून इंग्रजीत मोजत होती की आम्ही किती वेळा पडतो.

बाहेर आल्यावर कासमभाई धापा टाकत म्हणाले, "चार वेळा पडलो. चारही वेळा तुझ्या अंगावर पडलो असतो. अंग चोरून बाजूला पडलो."

मला पुढचं माहीत होतं. मीच म्हटलं, धरा.

*

२००५ सालच्या थंडीत कासमभाईंनी सांगितलं की रमजान ईद झाली, आता हे शेवटचे दिवस, डिसेंबरात गावी जायचं. कायमचं. एवढी वर्षं झाली, आता खाडीवर बसून गळ टाकायचा. खल्फाननी त्यांना शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर शाल घालायचं ठरवलं होतं. अर्बाब स्वतः येणार होते. कासमभाई रोज त्याबद्दल बोलायचे. शाल कशी असेल, अर्बाब काय म्हणतील, ती शाल गावातल्या मशिदीत पहिल्या जुम्म्याला कशी घालून जायची.

मी मात्र झोपत नव्हतो. माणूस गेला की माझं देणं राहिलं. खाडीच्या पलीकडे राहणार. बोट अधूनमधून बंद असते. आयुष्यभर समोरच्या किनाऱ्याकडे बघत बसायचं का? मी त्यांना सरळ विचारलं, काय दिलं म्हणजे फिटेल ते सांगा, आणून देतो.

ते म्हणाले, "आणून द्यायचं काही नाही रे."

त्याच दिवसांत मला दुसरी एक गोष्ट दिसायला लागली होती. धार लावून झाली की मी तिच्यावर आडवं नाणं ठेवायचो, पंचवीस बैशांचं, आणि पातं डोळ्यांसमोर उजेडात धरायचो. नाणं सरळ बसलं तर दोन्ही धारा सारख्या. कासमभाईंनी घासलेल्या बुटांवर नाणं एका बाजूला उचललं जायला लागलं. दर वेळी डावी बाजू वर. पकड चाकाच्या मध्यावर आणण्यासाठी बारीक स्क्रू असतो, तो डोळ्याने बघून फिरवायचा. कासमभाई तो बोटाने चाचपून फिरवत होते.

मी म्हटलं, कासमभाई, डोळे तपासून घ्या.

"माझे डोळे घारीचे आहेत. तुझं नाणं वाकडं आहे."

मी दुसरं नाणं दाखवलं. म्हणाले, तेही वाकडं आहे. हट्टी माणूस. मग मी बोललो नाही. ते नमाजाला गेले की त्यांच्या फडताळावरची बुटं माझ्या मशीनवर पुन्हा घासून ठेवायचो. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी ते व्याजातही धरलं नाही.

नोव्हेंबरात राष्ट्रीय दिनाची सुट्टी आली. त्या दिवशी एवढी गर्दी, एवढी गर्दी की बाहेर रस्त्यापर्यंत रांग. मला मान वर करायला फुरसत नव्हती. भाड्याची सगळी बुटं कासमभाईंच्या हाताखालून थेट लोकांच्या पायांत गेली.

रिंकवर सगळे एकाच दिशेने फिरतात, डावीकडे वळत. त्या दिवशी लोक खूश होते. नवशिके सुद्धा वळणावर सुरेख वळत होते. एक मास्तरीणबाई काचेपाशी थांबून मला म्हणाल्या, काका, आज काय धार आहे, वळायचं म्हटलं की पाय आपणच वळतात. मी हातातलं काम थांबवलं. डावी धार वर आली की माणूस डावीकडेच ओढला जातो.

अर्बाब पाहुण्यांना घेऊन खुर्च्यांवर आले होते. खल्फान स्वतः भाड्याचे बूट चढवून गर्दीत फिरत होते, अर्बाबांना हात करत. दर तासाला रोमेल शिट्टी वाजवून दिशा बदलायचा. म्हणजे सगळ्यांनी उलट फिरायचं, उजवीकडे वळत. मी उठलो. काच वाजवली. रोमेलला हाताने नको नको केलं. त्यानेही मला हसून हात केला आणि शिट्टी वाजवली.

सगळे उलटे फिरले. पहिल्या वळणाशी आले. आता वळायचं उजवीकडे, आणि कठडा डावीकडे. दोनशे माणसं उजवीकडे बघत, उजवीकडे झुकत, डावीकडे निघाली. अगदी शिस्तीत. पहिली रांग कठड्याला जाऊन चिकटली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मास्तरीणबाई एका दांडग्या हवालदाराला मिठी मारून थांबल्या. मुलं पेंग्विनसकट गेली. खल्फाननी शेवटपर्यंत धीर सोडला नाही. ते एका पायावर आले, कठड्याच्या उघड्या फाटकातून बाहेर गेले, रबराच्या चटईवर धडपडत अर्बाबांच्या समोर आले आणि त्यांच्या पाहुण्याच्या मांडीवर बसले.

अर्बाबांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत.

लागलं कुणालाच नाही. पण अर्बाबांच्या पाहुण्याचा चहा सांडला होता. खल्फान बूट काढून, मोज्यांवर, तसेच आमच्या खोलीत आले. मागे रोमेल, मागे स्वतः अर्बाब, आणि दारात आणखी आठ-दहा जण. खल्फाननी माझ्या मशीनवरचं नाणं उचललं, बुटाच्या पात्यावर ठेवलं. नाणं डावीकडे उचललेलं. दुसऱ्या बुटावरही तसंच.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

कासमभाई चाकाशी उभे होते. टोपी काढून हातात घेतली होती. ते त्या नाण्याकडे बघत होते, पण त्यांना ते दिसत नव्हतं, हे मला दिसत होतं. तोंड उघडून ते काहीतरी बोलणार होते.

"मी," मी म्हटलं.

खल्फाननी माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत माझी एक धार कधी वाकडी गेली नव्हती. ते त्यांना माहीत होतं, रोमेलला माहीत होतं, वादी कबीरच्या पोरांना माहीत होतं.

"सीताराम, तू?"

"मी. घाई होती. नाणं ठेवलं नाही."

मग खल्फान बोलले. अर्बाबांसमोर, दारातल्या लोकांसमोर. मस्कतात आल्यापासून मी एवढं ऐकून घेतलं नव्हतं, आणि पूर्वी एकदा याच्या निम्म्यावर एप्रन काढला होता. मी एप्रनला हात लावला नाही. शेवटी ते म्हणाले, उद्यापासून सीतारामची एकही जोडी कासमभाईंनी तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. कासमभाईंनी आता फक्त तपासायचं. जाईपर्यंत.

सगळे गेले. कासमभाईंनी टोपी घातली. मी चाकाखालचा भुसा झाडून काढला.

दुसऱ्या दिवसापासून मी घासायचो आणि ते तपासायचे. मी जोडी पुढे करायचो. ते नाणं ठेवायचे, पातं उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे, मग दुसरा. खल्फान दारात उभे असले की जास्त वेळ घ्यायचे. नाणं बऱ्याचदा उलट्या हाताला धरलेलं असायचं. मग बूट मला परत देऊन म्हणायचे, "जरा वाकडी आहे. पण चालेल."

महिनाभर रोज हेच. मी दात आवळून पुढची जोडी घ्यायचो.

डिसेंबरात शाल मिळाली. अर्बाब आले, त्यांनी स्वतःच्या हाताने कासमभाईंच्या खांद्यावर घातली. निळी होती. कासमभाई सगळ्यांना म्हणाले, हिरवी छान आहे.

संध्याकाळी ते शाल घेऊन खोलीत आले. मी शेवटची जोडी घासत होतो. त्यांनी हात पुढे केला. मी बूट दिला. त्यांनी नाणं बाजूला ठेवलं, अंगठा दोन्ही धारांवरून हळू, टाचेपासून बोटापर्यंत नेला आणि बूट फडताळात ठेवला.

"फिटलं," ते म्हणाले.